अट आणि आवड : पुढची नोकरी ठरवताना

पुढच्या नोकरीत काय हवेच आहे हे ठरवणे वेगळे आणि काय हवेहवेसे वाटते ते लिहून काढणे वेगळे. पगार चांगला असावा, साहेब समजूतदार असावा, ऑफिस घराजवळ असावे, कामातून शिकायला मिळावे, कंपनीचे नाव चार लोकांत सांगता यावे, अशी यादी कोणीही पाच मिनिटांत करील. ती आवडींची यादी झाली. जी गोष्ट मिळत नसेल तर बाकी सारे मनासारखे असूनही नोकरी नाकारायची, तिला अट म्हणायचे. ही कसोटी लावली की पंधरा-वीस कलमांची यादी तीन-चारांवर येते, आणि तेवढीच यायला हवी. दहा अटी धरून बसणाऱ्याला बहुधा नोकरी मिळत नाही, किंवा कंटाळून तो एके दिवशी दहाही सोडून देतो.

या निवडीचा एक जुना, नीट नोंदलेला दाखला अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडतो. जोसेफ प्रीस्टली लीड्स शहरातल्या मिल हिल चॅपलमध्ये धर्मोपदेशक होता. फावल्या वेळात तो विज्ञानाचे प्रयोग करी. लॉर्ड शेलबर्न या उमरावाने त्याला आपल्याकडे बोलावले. ग्रंथसंग्रह सांभाळायचा आणि मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवायचे, असे काम होते. लीड्सला वर्षाला १०० गिनी, म्हणजे १०५ पौंड मिळत. शेलबर्न २५० पौंड आणि राहायला घर देत होता. प्रीस्टलीने सल्ला विचारला बेंजामिन फ्रँकलिनला. १९ सप्टेंबर १७७२ रोजी फ्रँकलिनने लंडनहून उत्तर धाडले. पुरेशी माहिती नसल्याने काय करावे हे सांगता येत नाही, पण कसे ठरवावे ते सांगतो, असा त्या पत्राचा आशय आहे. कागदावर मधोमध रेघ ओढावी, एका बाजूला अनुकूल मुद्दे आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल मुद्दे तीन-चार दिवस सुचतील तसे लिहावेत, मग दोन्हीकडचे सारख्या वजनाचे मुद्दे खोडत जावे आणि शेवटी पारडे कुठे झुकते ते पाहावे.

ही पद्धत आजही जगभर सांगितली जाते. पण ती आवडीनिवडी तोलायला चांगली, अटी ठरवायला अपुरी. तराजूत सगळेच एकमेकांविरुद्ध तोलले जाते, त्यामुळे सात-आठ किरकोळ सोयी मिळून एका अत्यावश्यक गोष्टीला भारी ठरू शकतात. कॅन्टीन, जिम, चकचकीत इमारत, दिवाळीची भेट आणि परदेशवारीची आशा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला फक्त एक ओळ, ‘आईच्या डायलिसिसच्या दिवशी लवकर निघता येणार नाही’. कागदावर पहिली बाजू जिंकते, आणि तीन महिन्यांत घर कोलमडते. अट तराजूत घालायचीच नसते. ती दाराशी उभी करायची, आणि जी नोकरी ती पुरी करील तेवढीच आत घेऊन मग तोलायला बसायचे.

प्रीस्टलीच्या बाबतीत ती अट कोणती होती, हे त्याच्या आठवणींतून कळते. लीड्सच्या उत्पन्नात घरखर्च भागत होता, पण वाढत्या कुटुंबासाठी मागे काही ठेवता येत नव्हते. शेलबर्नच्या बोलीत पगाराशिवाय आणखी एक कलम होते : पुढे संबंध संपला तरी प्रीस्टलीला तहहयात १५० पौंडांचे वर्षासन. प्रीस्टली १७७३ मध्ये तिथे रुजू झाला. १ ऑगस्ट १७७४ रोजी शेलबर्नच्याच बोवुड या वाड्यातल्या प्रयोगशाळेत त्याने पाऱ्याच्या भस्मावर भिंगाने ऊन एकवटून वायू मिळवला, तोच ऑक्सिजन. १७८० मध्ये दोघे वेगळे झाले, आणि ठरल्याप्रमाणे वर्षासन सुरू झाले. ऑक्सिजनची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. वर्षासनाचे कलम, ज्याच्या आधाराने तो लीड्स सोडू शकला, ते फारसे कोणी सांगत नाही.

आपल्या अटी शोधताना पहिली चूक होते ती जुन्या नोकरीवरच्या रागातून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनीसांच्या मुलाखती घेतल्या. १९५९ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे की माणसाला नोकरीत नाराज करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी एकाच काठीची दोन टोके नसतात. पगार, देखरेख, कंपनीचे नियम, कामाची जागा यांत खोट असली की नाराजी येते; पण ही खोट गेली म्हणून समाधान येतेच असे नाही. ते येते कामातून, जबाबदारीतून, कामाची दखल घेतली गेल्याने, पुढे सरकल्याने. या मांडणीवर पुढे आक्षेप घेतले गेले. त्यातला महत्त्वाचा असा की, चांगले घडले तर माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट घडले तर बोट कंपनीकडे दाखवतो, त्यामुळे उत्तरेच तशी येतात. तरी नोकरी बदलणाऱ्याला त्यातून एक उपयोगाची गोष्ट मिळते. चिडून बाहेर पडणारा फक्त जखमांची यादी करतो. साहेब ओरडायचा म्हणून ‘शांत साहेब’ ही एकमेव अट ठेवतो, आणि शांत साहेबाच्या हाताखाली वर्षभर काहीच न शिकता बसून राहतो. म्हणून आधीच्या नोकरीत काय बोचले याबरोबर कोणत्या दिवशी काम करून बरे वाटले, तेही लिहायला हवे. दोन-तीन आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहिल्या, तरी आठवणीपेक्षा जास्त विश्वासाचा पुरावा हाती येतो.

यानंतर पैसा. इथे अट टक्क्यांत ठेवण्याची सवय फार बोकाळली आहे. ‘तीस टक्के वाढ मिळाली तरच’ असे सर्रास म्हटले जाते. तीस टक्के कशाच्या, हे मात्र अनेकदा पाहिले जात नाही. ऑफर लेटरवर असतो तो सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण वार्षिक खर्च. घर चालते हातात पडणाऱ्या पगारावर. समजा, पॅकेज ९ लाखांचे आहे. बाराने भागले की महिन्याला ७५ हजार दिसतात. त्यातले ९० हजार ‘व्हेरिएबल’ म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेले, वर्षअखेरीस मिळाले तर मिळणारे. मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना ३७,५०० धरला, तर कंपनीचा पीएफमधला १२ टक्के वाटा वर्षाला ५४ हजार होतो आणि तोही पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे २१,६०० आणि गटविम्याचा हप्ता १२ हजार धरू. हे सगळे वजा केले की वर्षाला ७,२२,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ६०,२०० उरतात. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेले की बँकेत जमा होतात ५५,५००. महाराष्ट्रात हा व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, म्हणून तो यात नाही. पंचाहत्तर आणि साडेपंचावन्न यांच्यामधल्या दरीत घराचा हप्ता सहज बुडू शकतो.

त्यामुळे पैशाची अट खालून वर बांधायची. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, शाळेची फी, किराणा, गावी पाठवायचे पैसे, आईवडिलांची औषधे आणि थोडी शिल्लक, अशी बेरीज करून ‘दरमहा निदान इतके हातात पडले पाहिजेत’ असा आकडा ठरवावा. त्याच्या वरचे सगळे आवडीच्या यादीत. शहर बदलत असेल तर ही बेरीज नव्याने करावी लागते; सोलापुरातला आकडा ठाण्यात चालत नाही.

पैशासारखाच वेळेचाही हिशेब आहे, पण तो क्वचितच कोणी करते. जायला दोन तास आणि यायला दोन तास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ८८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर महिन्यात अकरा दिवसांचे बिनपगारी काम. बदलापूर-विरारकडून लोकलने मुंबईत येणारे आणि वाकडच्या पुलावरून हिंजवडीला जाणारे हे रोज भोगतात. नवी नोकरी पाच हजार जास्त देत असेल आणि रोजचा दीड तास जास्त घेत असेल, तर महिन्याला ३३ तास जातात. तासाला दीडशे रुपयांच्या आसपास भाव पडला. हा भाव कोणाला परवडेल, कोणाला नाही; पण तो माहीत असावा.

वेळेची अट कशी नेमकी करायची, याचे एक उदाहरण. डोंबिवलीत राहून अंधेरीत काम करणारी आई. तिचे मूल पाळणाघरात आहे आणि पाळणाघर साडेसातला बंद होते. ‘काम आणि घर यांचा तोल हवा’ असे तिने लिहिले तर त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण तसा तोल आपल्याकडे आहे असे प्रत्येकच एचआर सांगतो. उलटे मोजले की अट आपोआप बाहेर येते. डोंबिवली स्टेशनवर सव्वासातपर्यंत उतरायला हवे. घाटकोपरहून जलद गाडीला साधारण चाळीस मिनिटे. त्याआधी अंधेरी ते घाटकोपर मेट्रोची वीस-पंचवीस मिनिटे. दोन्हीकडचे जिने, रांगा आणि एखादी गर्दीने सोडून द्यावी लागलेली गाडी. म्हणजे तिची अट ‘साडेपाचला ऑफिसबाहेर, आठवड्यातले पाचही दिवस’ अशी आहे. हे मुलाखतीत विचारता येते, ऑफर लेटरसोबतच्या ईमेलवर लिहून घेता येते, आणि पाळले गेले की नाही तेही कळते. जी अट पडताळता येत नाही, ती अजून पुरती विचार करून झालेली नाही असे समजावे.

सुरक्षितता हा शब्दही असाच फोडून पाहावा लागतो. मुंबईच्या गिरणगावात एका पिढीची अट एका शब्दात मावत असे : कायम. बदली कामगार पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी येऊन उभा राही आणि कायम कामगार गैरहजर असेल तर त्याला त्या दिवसाचे काम मिळे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. आज चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत तोच प्रश्न ‘कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडे’ या शब्दांत विचारला जातो. गणवेश कंपनीचा, मशीन कंपनीचे, पण पगार ठेकेदाराच्या खात्यातून. अशा वेळी नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे हे पाहणे सगळ्यात आधीचे. सरकारी नोकरीची ओढही याच अटीतून येते, जरी तिथलाही अर्थ बदलला आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्या महाराष्ट्राच्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली, आणि मार्च २०२३ मध्ये तिच्यासाठी राज्यभर संप झाला.

खासगी नोकरीत सुरक्षितता कागदावरच्या काही ठरावीक गोष्टींत असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. पंधरा हजारांपर्यंतच्या वेतनावर कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, आणि पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेनंतर येतो. ही दहा वर्षे एकाच कंपनीत भरायला नको. नोकरी बदलताना खाते त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, पुढे नेले की सेवा जोडली जाते. पेन्शन खात्यातले पैसे काढून घेतले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नवी कंपनी पीएफ खरोखर भरते का, हे ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकून कोणालाही पाहता येते. फार थोडे उमेदवार ते पाहतात.

ग्रॅच्युइटीचा संबंध पुढच्या नोकरीपेक्षा चालू नोकरीशी जास्त आहे, आणि तिथे अनेकांचे नुकसान होते. नियमित कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते, आणि महिन्याचे २६ दिवस धरून ते मोजतात. वरच्या उदाहरणातल्या ३७,५०० वेतनावर पाच वर्षांचे एक लाख आठ हजारांच्या आसपास होतात. पाच वर्षे भरायला थोडे महिने उरले असताना घाईने राजीनामा देणारा ही रक्कम टेबलावर सोडून उठतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे, प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा असे ठरवले आहे. मूळ पगार मुद्दाम लहान दाखवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी करण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

विमा हा विषय तरुणांच्या यादीत नसतो, आणि घरात आजारी माणूस असेल तर तोच पहिला असतो. कंपनीचा गटविमा नोकरी सुटली की बहुधा त्याच दिवशी संपतो. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडील आहेत का, आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो का, हे दोन प्रश्न मधुमेही वडिलांच्या मुलाने पगाराआधी विचारायला हवेत. बाजारातून स्वतः घेतलेल्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक तारीख महत्त्वाची. मातृत्व रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची आहे, पण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. मुलाचा विचार चालू असेल तर नोकरी बदलण्याचा महिना या गणितावर ठरतो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय, आणि दहा किंवा अधिक असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती, या गोष्टी मेहेरबानीच्या नाहीत. त्या आहेत का हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि त्या प्रश्नाने समोरच्याचा चेहरा बदलला तर उत्तर तिथेच मिळाले.

सगळ्यात अवघड अट माणसांबद्दलची. रोजचा दिवस कसा जाईल हे बरेचसे थेट वरच्या साहेबावर ठरते, आणि त्याच्याबद्दल ऑफर लेटरमध्ये एक ओळही नसते. ज्याच्या हाताखाली काम करायचे त्याच्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय होकार द्यायचा नाही, एवढी अट तरी ठेवता येते. बोलताना ‘वातावरण कसे आहे’ असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी आधी या जागेवर कोण होते आणि ते का गेले, गेल्या आठवड्यात टीम किती वाजता घरी गेली, शेवटची मोठी चूक झाली तेव्हा काय झाले, असे घडलेल्या गोष्टींबद्दल विचारावे. कंपनी सोडून गेलेल्या एखाद्याशी दहा मिनिटे फोनवर बोलणे मुलाखतीच्या तीन फेऱ्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

हे सगळे ऑफर येण्याआधी ठरवून तारीख घालून लिहून ठेवावे लागते. ऑफर आली, घरी पेढे आले, नातेवाइकांना पॅकेजचा आकडा कळला, की अटी वाकू लागतात. ‘साडेपाच म्हटले होते, पण सहा-साडेसहाला काय हरकत आहे’ असे मन स्वतःच बोलू लागते. बदल करायचा असेल तर जरूर करावा, पण तो लिहिलेल्या ओळीवर काट मारून, का बदलले ते शेजारी लिहून. घरातल्या माणसांना ही यादी आधी दाखवलेली बरी. नवऱ्याची फिरतीची नोकरी बायकोच्या नोकरीवर येते, आणि लेकाची रात्रपाळी आजीच्या झोपेवर.

दोन ऑफर हाती असतील आणि तिसरीची वाट पाहायची की नाही असा पेच पडला, तर हर्बर्ट सायमन यांचा विचार कामी येतो. निर्णयप्रक्रियेवरच्या संशोधनासाठी १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या सायमन यांनी १९५६ मध्ये असे मांडले की माणूस सर्वांत उत्तम पर्याय शोधू शकत नाही, कारण सगळे पर्याय त्याच्यासमोर कधीच नसतात. पुरेसे चांगले कशाला म्हणायचे याची रेषा तो आखतो आणि ती ओलांडणारा पर्याय स्वीकारतो. सगळ्या अटी पुऱ्या करणारी ऑफर ही ती रेषा. दोन्ही ऑफर रेषेच्या वर असतील, तरच फ्रँकलिनचा कागद काढून आवडीनिवडी तोलायच्या.

एकही ऑफर अटींत बसत नसेल आणि घरात पगाराची गरज असेल, तर अडचणीतली नोकरी घेणे चूक नाही. काम गेलेल्या माणसाला तीन अटींची चैन परवडत नाही. त्याची एकच अट असते, आणि ती महिन्याच्या एक तारखेची. अशा वेळी कोणती अट किती महिन्यांसाठी बाजूला ठेवली हे लिहून ठेवले, की ती विसरली जात नाही.

सही करण्याआधी बाहेर पडण्याची कलमेही वाचावी लागतात. नोटीस पिरियड तीस दिवसांचा की नव्वद, तो पैसे भरून कमी करता येतो का, बॉन्ड आहे का. बॉन्ड कायद्यात टिकत नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचे कलम वैध ठरवले. राजीनामा नवे पत्र हातात आल्यावरच द्यावा. फोनवरचा होकार पुरेसा नाही. जुन्या ठिकाणाहून रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र आणि शेवटच्या पगारपत्रकाच्या प्रती घेऊन बाहेर पडावे.

अटींची यादी रुजू झाल्यावर फेकायची नसते. प्रोबेशनचा काळ बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांचा असतो, आणि त्या काळात नोटीसही अनेकदा कमी दिवसांची असते. पहिला पूर्ण पगार जमा झाला की हातात पडलेला आकडा ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहावा, पीएफच्या पासबुकात भरणा दिसतो का ते पाहावे, आणि महिनाभर ऑफिसातून निघण्याची वेळ टिपावी. कबूल केलेले काही मिळत नसेल तर ते साहेबाशी आणि एचआरशी लेखी बोलायचे ते प्रोबेशन संपण्याआधी, दोन्ही बाजूंना मोकळे होणे सोपे असते तेव्हा.